गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया : कधी, कशी आणि काय विचारून



साहित्याच्या व्यासपीठावर या विषयाचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. पण हा विषय एका शब्दापासूनच सुरू होतो. आपल्या घरांत या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. शेजारची तेलुगू बाई ‘गर्भसंची’ म्हणते. संची म्हणजेही पिशवीच. जुन्या शहरात दखनी बोलणारी बाई ‘बच्चादानी’ म्हणते. हैदराबादच्या तिन्ही बोलींनी या अवयवाला साठवणीचे भांडे ठरवले आहे. भांड्याचे काम संपले की आपण ते माळ्यावर टाकतो किंवा मोडीत देतो. ‘दोन मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य त्या शब्दातूनच आलेले आहे.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, शस्त्रवैद्य नव्हे. तरी या विषयावर बोलण्याचे कारण असे की माझ्यासारख्याकडे दोन तऱ्हेच्या स्त्रिया येतात. एक, जिला तपासणी पुरी होण्याआधीच ‘काढून टाका’ असे सांगितले गेले आहे आणि जी घाबरली आहे. दुसरी, जिला शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे, पण जी साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांवर वर्षे काढू पाहते. पहिलीला थांबवावे लागते, दुसरीला पुढे ढकलावे लागते. या दोघींमधला फरक कसा ओळखायचा, एवढेच आज सांगायचे आहे. तो ओळखण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. काही प्रश्न विचारावे लागतात.

अवयवाची ओळख

पाळीच्या वयातल्या स्त्रीचे गर्भाशय उलट्या धरलेल्या नासपतीएवढे असते. लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर, रुंदी पाच. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. खाली योनीत उतरणारा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. वर दोन्ही बाजूंना बीजनलिका आणि त्यांच्या टोकांपाशी दोन अंडाशये. पाळीचा रक्तस्राव गर्भाशयातून होतो, पण पाळीचे चक्र चालवणारी संप्रेरके अंडाशयांत तयार होतात. हाडे, हृदय, त्वचा, झोप, मन या सर्वांवर त्या संप्रेरकांचा अंमल चालतो. गर्भाशय काढणे आणि अंडाशये काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मात्र दोन्हींना एकच शब्द, ‘पिशवी काढली’.

आणखी एक गोष्ट. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या दोन बारीक नळ्या गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून, गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून जातात. त्यांना इजा न होऊ देता काम करणे ही या शस्त्रक्रियेतली खरी कसोटी. म्हणून कोणत्या यंत्राने करणार यापेक्षा कोणाच्या हातून होणार याला अधिक महत्त्व आहे.

धोक्याची शस्त्रक्रिया नेहमीची कशी झाली

१८४३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी पोट उघडून गर्भाशय काढले; रुग्ण वाचली नाही. अमेरिकेत वॉल्टर बर्नहॅम यांनी १८५३ साली अशीच शस्त्रक्रिया केली आणि ती स्त्री वाचली. त्यानंतर भूल देण्याचे शास्त्र, जंतुनाशन, रक्त चढवण्याची सोय आणि प्रतिजैविके आली. भुलेच्या इतिहासात आपल्या शहराचेही नाव आहे. १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे हे तपासणारी दोन मंडळे निजाम सरकारच्या खर्चाने इथे बसली. पुढाकार होता रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा. याच शहरात भूल देण्याचे काम करणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी मानल्या जातात. पुढे १९८८ साली अमेरिकेतल्या हॅरी रीश यांनी दुर्बिणीतून गर्भाशय काढले आणि पोटावरचा मोठा छेदही टळू लागला.

शस्त्रक्रिया सुरक्षित झाली हे उत्तमच झाले. पण सुरक्षित झाली म्हणून ती किरकोळ वाटू लागली, आणि किरकोळ वाटू लागल्यावर गरजेवाचूनही होऊ लागली.

आपल्या भागाचे आकडे

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्न देशभर विचारला गेला. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण देशात ३.२ टक्के निघाले. तेलंगणात ते ७.७ टक्के आणि आंध्र प्रदेशात ८.९ टक्के होते. म्हणजे आपण राहतो त्या भागात देशाच्या दुपटीहून अधिक. देशातल्या सुमारे दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी कारण सांगितले ते अतिरक्तस्रावाचे. या कारणावर बऱ्याचदा औषधांनी उपाय होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. एकत्रित आंध्रात २००७ साली आरोग्यश्री योजना आली. तिच्यातून गरिबांना मोठे उपचार मिळाले. पण गर्भाशयाच्या शस्त्रक्रियाही इतक्या वाढल्या की सरकारला त्यांच्यावर बंधने घालावी लागली.

महाराष्ट्रातले उदाहरण बीडचे. १९५६ पर्यंत बीड हा आपल्याच हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. इथल्या कितीतरी मराठी घरांची मूळ गावे मराठवाड्यात आहेत. २०१९ साली तिथल्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा जणींमागे साधारण एक. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि खाडा झाला की दंड कापतो. उसाच्या फडाजवळच्या कोपीत ना न्हाणीघर, ना पुरेसे पाणी. अंगावरून जास्त जाऊ लागले की उपचाराला वेळ नाही आणि विश्रांतीला सवड नाही. मग ‘एकदाचे काढून टाकू’ हाच हिशेब सोपा वाटतो.

आपण म्हणाल, आमच्या घरातल्या सुना-लेकी ऊस तोडत नाहीत. खरे आहे. पण ‘एकदाची कटकट मिटवा’ हे वाक्य आपल्या दिवाणखान्यांतही बोलले जाते. कधी ते नोकरीतल्या रजेसाठी असते, कधी मुलीच्या लग्नाआधी उरकून घेण्यासाठी, कधी घरातल्या सोवळ्याओवळ्यासाठी. आणि आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाई तर बीडच्या बाईच्या फार जवळची आहे. तिचा सल्ला घेण्याचा पहिला दरवाजा पुष्कळदा आपलाच असतो.

या प्रश्नावर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ रोजी लागला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असे न्यायालयाने सांगितले. या तत्त्वांप्रमाणे राज्यांत आणि जिल्ह्यांत देखरेख समित्या असायच्या आहेत, आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रीच्या शस्त्रक्रियेकडे विशेष लक्ष द्यायचे आहे.

गरज केव्हा आहे, केव्हा नाही

गर्भाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल आणि तज्ज्ञाने शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर वेळ घालवू नये. बाळंतपणात रक्तस्राव थांबतच नसेल, तर जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढावे लागते. मोठ्या किंवा पुष्कळ गाठी, ज्यांना फायब्रॉइड म्हणतात, त्यांच्यामुळे रक्त कमी होत राहणे. गर्भाशयाच्या भिंतीचा सूज आणणारा आजार. अंग पूर्ण बाहेर येणे. औषधांनी न आवरणारा रक्तस्राव. या आजारांत इतर उपाय करून पाहिल्यावर शस्त्रक्रिया हा रास्त उपाय ठरतो. अशी स्त्री शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उभी राहिलेली, जिना न थांबता चढणारी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

उलट, अंगावरून पांढरे जाणे, नुसती कंबरदुखी, सोनोग्राफीत सहज दिसलेली आणि काहीच त्रास न देणारी दोन सेंटिमीटरची गाठ, गर्भाशयमुखावरची साधी सूज, ‘पुढे कॅन्सर होईल’ ही मोघम भीती, किंवा मुले पुरी झाली म्हणून, यांपैकी एकही कारण पुरेसे नाही. फायब्रॉइडच्या गाठी बहुतेक कर्करोगाच्या नसतात आणि पाळी गेल्यावर पुष्कळदा आकसतात. चव्वेचाळीस-पंचेचाळिशीच्या बाईला थोडा त्रास असेल, तर काही काळ औषधावर काढणे हाही एक उपचारच आहे.

मात्र एक लक्षण कधीही लपवू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, एक डाग का असेना, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. आपल्या आज्या-मावश्या लाजेपायी हेच लपवतात.

शस्त्रक्रियेआधीचे उपाय

अतिरक्तस्रावासाठी आधी कारण शोधावे लागते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची पॅप तपासणी, आणि पंचेचाळिशीच्या आसपास व पुढे अस्तराची बायॉप्सी. त्यानंतर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, आणि लोहाची औषधे येतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले सेंटक्रोमन, जे ‘सहेली’ या नावाने गर्भनिरोधक म्हणून घराघरांत पोहोचले, तेही अतिरक्तस्रावावर देतात. गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची ‘टी’ मिळते. ती काही वर्षे काम करते आणि बऱ्याच जणींचा रक्तस्राव खूपच कमी करते. अस्तर आतून जाळण्याची पद्धत आहे. फक्त गाठ काढून गर्भाशय ठेवता येते. गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी मांडीतून नळी घालून बंद करता येते. यांतला प्रत्येक उपाय प्रत्येकीला चालतो असे नाही. पण ‘यातले माझ्यासाठी काय?’ हे विचारता येते.

अंग बाहेर येण्यावर योनीत बसवायची कडी मिळते आणि ओटीपोटाचे व्यायाम आहेत. तरुण स्त्रीत गर्भाशय न काढता ते पट्टीने वर टांगून ठेवण्याच्या शस्त्रक्रियांत तर मराठी मुलखाचा मोठा वाटा आहे. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले आणि मुंबईत नाव कमावलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भपात रोखणाऱ्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात. गर्भाशय टांगण्याची त्यांची एक पद्धतही पाठ्यपुस्तकांत आहे. डॉ. पुरंदरे यांच्या नावाची दुसरी पद्धतही तिथेच शिकवली जाते. ज्या काळात ‘काढून टाका’ सोपे होते, त्या काळात या मंडळींनी ते ठेवण्याची खटपट केली.

होमिओपॅथीबद्दल विचाराल, तर उत्तर सरळ देतो. मोठी गाठ, पूर्ण उतरलेले अंग किंवा कर्करोग आमच्या गोळ्यांनी जात नाही. हिमोग्लोबिन सातवर आलेल्या बाईला गोळ्यांची पुडी देऊन घरी पाठवणे हा औषधोपचार नव्हे. तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवले पाहिजे, आणि मी तेच करतो. आमच्या जैन घरांत पर्युषणात अठ्ठाई करण्याची प्रथा आहे. अंगावरून खूप जात असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्या वर्षी आठ दिवसांचे उपवास करू नयेत. आजारी शरीराला सवलत देणे धर्माला धरूनच आहे.

काय काढणार?

शस्त्रक्रिया ठरली की पहिला प्रश्न हा. गर्भाशयाचा फक्त वरचा भाग काढून मुख ठेवता येते. मग पुढेही पॅप तपासणी चालू ठेवावी लागते. मुखासकट पूर्ण गर्भाशय काढणे ही नेहमीची पद्धत. कर्करोगात आजूबाजूच्या ऊती आणि लसीकाग्रंथीही काढतात; ती वेगळी आणि मोठी शस्त्रक्रिया आहे.

अंडाशयांचा निर्णय स्वतंत्र घ्यायचा. आपल्याकडे पाळी जाण्याचे वय सरासरी ४६-४७ आहे. त्याआधी दोन्ही अंडाशये काढली तर अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे, चिडचिड, योनीचा कोरडेपणा हे सर्व काही दिवसांत सुरू होते. पुढे हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी काहींची काही वर्षे आधीच थकतात. म्हणून ‘उघडलेच आहे तर तेही काढून टाकू’ हे कारण होऊ शकत नाही. ज्यांच्या घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग आहे, त्यांचा विचार वेगळा. त्यांनी तो इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा. बीजनलिका मात्र आता पुष्कळ तज्ज्ञ काढून टाकतात, कारण अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे अनेक कर्करोग नलिकेत सुरू होतात असे दिसून आले आहे.

कोणत्या मार्गाने?

मार्ग मुख्यतः तीन. पहिला, पोटावर छेद देऊन. गर्भाशय फार मोठे असेल, आत चिकटलेले असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर हा मार्ग लागतो. तीन-चार दिवस रुग्णालयात, पूर्ववत व्हायला सहा आठवडे किंवा थोडे अधिक.

दुसरा, योनीमार्गे. पोटावर एकही टाका नाही, वेदना कमी, खर्च कमी, घरी परतणे लवकर. शक्य असेल तिथे आधी हाच मार्ग विचारात घ्यावा, असे जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात. जाहिरात कमी होते म्हणून तो मागे पडला आहे, एवढेच.

तिसरा, दुर्बिणीतून. तीन-चार लहान छिद्रे, पोट कापण्यापेक्षा दुखणे कमी, कामावर लवकर परतता येते. पण वेळ जास्त लागतो, खर्च जास्त येतो, आणि लघवीच्या नळीला इजा होण्याचा धोका किंचित अधिक असतो. म्हणून हात सरावलेला हवा. मोठी गाठ पोटात तुकडे करून बाहेर काढायची असेल, तर तिच्यात कर्करोग नाही याची आधी शक्य तेवढी खात्री करावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली याबद्दल इशारा दिला होता. यंत्रमानवाच्या मदतीने होणारी शस्त्रक्रिया हे दुर्बिणीचेच पुढचे रूप. साध्या आजारात ती नेहमीच्या दुर्बिणीहून सरस ठरते असे दिसलेले नाही. बिल मात्र वाढते.

नंतरचे दिवस

पाळी बंद होते. अंडाशये ठेवली असतील तर म्हातारपण लगेच येत नाही, अंगातली ताकद जात नाही आणि ‘बाईपण’ तर मुळीच जात नाही. पतिपत्नींचा सहवास साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून सुरू करता येतो. दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चालणे आवश्यक, नाहीतर पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. सहा आठवडे भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंडे उचलू नयेत. ताप, दुर्गंधी स्राव, ताजे रक्त, एका पायाला सूज, किंवा लघवी सतत ठिबकणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. घरच्या पुरुषांनी या सहा आठवड्यांत स्वयंपाकघर ओळखून घ्यावे.

विचारण्याचे प्रश्न

आजाराचे नाव काय आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरले? औषधावर किती दिवस थांबता येईल? थांबले तर नुकसान काय? नक्की काय काढणार, आणि अंडाशये ठेवणार का? योनीमार्गे होईल का, नसेल तर का नाही? तुम्ही स्वतः करणार का? हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. चांगला डॉक्टर त्यांनी रागावत नाही. तातडीचा रक्तस्राव नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. कोटीच्या सुलतान बाजार प्रसूती रुग्णालयासारखी सरकारी रुग्णालये त्यासाठी आहेत. संमतिपत्रावर सही त्या स्त्रीने स्वतः, वाचून किंवा वाचून घेऊन करावी. निर्णय सासूबाई किंवा यजमान यांनी नव्हे, तिने घ्यायचा.

मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने आईचे गर्भाशय काढून मुलीच्या शरीरात बसवले. अशाच प्रत्यारोपित गर्भाशयातून तिथे ऑक्टोबर २०१८ मध्ये एक मुलगी जन्माला आली. बीडच्या पाहणीचा अहवाल त्याच्या पुढच्याच वर्षीचा. एकाच राज्यात, एकाच सुमाराला, या अवयवाची ही दोन मोले.

शेवटी एक घरगुती काम सांगतो. आपल्या घरातल्या ज्या आईची, काकूंची, वहिनींची ही शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांचा रुग्णालयातून सुटतानाचा कागद आणि काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल शोधून ठेवा. काय काढले, अंडाशये आहेत की नाहीत, मुख ठेवले आहे का, हे पुष्कळ जणींना स्वतःलाच ठाऊक नसते. पुढे पोटात दुखले, हाडे दुखू लागली किंवा पुन्हा रक्त दिसले, तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. कागद सापडला नाही तर सोनोग्राफीत कळू शकते. या रविवारी एवढे करा.